प्रॉक्सिमा बीवर सकाळ कशी दाखवू?

शेवटचं_पान: विज्ञानकथा लिहितेय आणि ग्रह खराखुरा घेतलाय. प्रॉक्सिमा बी: प्रॉक्सिमा या ताऱ्याभोवती फिरणारा, २०१६ मध्ये सापडलेला, ४.२ प्रकाशवर्षांवरचा, वर्ष जेमतेम ११.२ दिवसांचं. पहिल्या प्रकरणात नायिका पहाटे उठते, रक्तासारखा लाल सूर्य उगवतो, दोन चंद्र मावळतात. आता शंका येतेय की यातलं काहीच तिथे घडणार नाही. ग्रहाचा फोटो कुणाकडेच नाही हे कबूल, पण म्हणून वाट्टेल ते लिहायचं नाहीये. बिनधास्त चिरफाड करा.

अर्धा_खगोली: पहाट आधी काढा. हा ग्रह ताऱ्यापासून सुमारे ७३ लाख किलोमीटरवर आहे, आपण सूर्यापासून १५ कोटींवर. एवढ्या जवळ ताऱ्याच्या ओढीमुळे ग्रहाचं स्वतःभोवती फिरणं मंदावत जातं आणि बहुधा एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते, चंद्राची आपल्याकडे असते तशी. तारा आकाशात खिळलेला! मग नायिकेचं घर कुठे, यावर सगळं ठरतं. बहुतेक लोक उजेड-अंधाराच्या सीमेवरचा पट्टा निवडतात. मला विचाराल तर बरोबर ताऱ्याखालची जागा जास्त गमतीची. वातावरण असेल तर तापलेली हवा तिथेच वर चढणार आणि दाट ढग साचणार. संगणकी प्रारूपांतही तसंच दिसतं. सूर्य कायम डोक्यावर, पण दर्शन दुर्मीळ.

चंद्रही नकोत. ताऱ्याच्या इतक्या जवळ ते फार काळ टिकणं अवघड.

निळी_शाई: रंगाबद्दल माझी जुनी तक्रार. प्रॉक्सिमा हा लाल खुजा तारा, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड. तसं म्हटलं की चित्रकार लालभडक गोळा काढून मोकळे होतात. अहो, पृष्ठभाग ३००० केल्विनच्या आसपास आहे, म्हणजे जुन्या तारेच्या बल्बाच्या जवळपास. डोळ्याला पिवळट-नारिंगीच वाटेल. रुंदीला मात्र आपल्या सूर्याच्या तिप्पट दिसेल. बरंचसं तेज अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारं, त्यामुळे उजेड बेताचा. झाडं असतील तर मिळेल तो प्रकाश शोषायला पानं काळपट असतील, असा एक अंदाज आहे.

शेवटचं_पान: बरं, पण ही माणसं वेळ कशी मोजणार? रात्रच नाही तर "उद्या ये" म्हणायचं कसं?

अर्धा_खगोली: मित्र नावाच्या ताऱ्याची जोडी आहे ना, अल्फा सेंटॉरी ए आणि बी! प्रॉक्सिमा त्यांच्याच कुटुंबातला. तिथून ते दोन वेगळे ठिपके दिसतील, दोन्ही आपल्या शुक्राहून तेजस्वी. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तसं बाकीचं आकाश ११.२ दिवसांत एक फेरी मारणार. जोडी उगवली की नवं वर्ष.

एक गोष्ट मात्र विसरू नका. हा तारा तापट आहे. मार्च २०१६ मध्ये त्याच्यावर एवढी मोठी ज्वाळा उठली की एरवी दुर्बिणीशिवाय न दिसणारा हा तारा काही मिनिटं इथून नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका उजळला. असे तडाखे खाऊन वातावरण उरलंय का, हाच खरा प्रश्न आहे. नायिकेला तळघर द्या.

शेवटचं_पान: तळघर दिलं. पण तुमच्या त्या ढगांखालून जोडी दिसणार कशी? मग घर ताऱ्याखाली नको, कडेकडे सरकवते. तारा क्षितिजापासून हातभर वर, ढग विरळ. आणि "उद्या ये"ऐवजी "जोडी मावळली की ये".