चिडवणारा एकच असतो, हसणाऱ्यांचं काय?

तळजाईवाला (धागाकर्ता)
मुलगा सातवीत. त्याच्या वर्गात पर्वतीच्या वस्तीतला एक मुलगा आहे, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून आलेला. डब्याच्या सुट्टीत एक जण त्याची नक्कल करतो, 'ए, पानी आन की!' आणि बाकीचे खिदळतात. आमचे चिरंजीवही त्यातच. जेवताना हे सगळं रंगवून सांगत होते.

हेच टोळकं परवा मैदानावर नववीच्या दांडग्या पोरांना जाऊन भिडलं. कारण काय, तर आमच्याच बिल्डिंगमधल्या मुलाची बाटली त्यांनी हिसकावली होती. म्हणजे धाडस आहे. फक्त ते कुणासाठी दाखवायचं, हे आधीच ठरलेलं आहे. माझं म्हणणं, चिडवणाऱ्याला ऑफिसात उभं करून काही होत नाही, हसणाऱ्यांशी बोला. आणि हे 'आपलं-परकं' पोरं घरातूनच उचलतात, हेही मान्य करा.

बोगद्यापलीकडचा
झालं, आणला वर्गभेद! अहो, पोरं आहेत, चिडवणारच. साताऱ्याहून आलो तेव्हा हॉस्टेलवर आमच्याही बोलण्याची टिंगल झाली. उलट चार ठेवून दिल्या, विषय संपला. शिवाय मध्ये पडणारा पुढचं गिऱ्हाईक होतो. तुमच्या मुलाने का म्हणून अंगावर घ्यावं?

तळजाईवाला
हॉस्टेलवर साताऱ्याचे किती होतात?

बोगद्यापलीकडचा
एका खोलीत चौघं.

तळजाईवाला
तेच तर! तो वर्गात एकटा आहे.

खडूवाली बाई
पंचवीसेक वर्षं शिकवतेय, म्हणून थोडं लांबण लावते. फिनलंडमध्ये क्रिस्तिना साल्मिवाल्ली आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये वर्गातल्या पोरांनाच एकमेकांबद्दल विचारून छळाच्या वेळी कोण काय करतं ते मांडलं. छळणारा, त्याचे हस्तक, हसून चेव आणणारे, बाजूला सरकणारे, पाठीशी उभे राहणारे. हसणाऱ्याला वाटतं आपण काहीच केलं नाही, पण नक्कल चालते ती त्याच्याच जिवावर. टोरांटोतल्या शाळांच्या मैदानांवरचं चित्रण तपासून २००१ मध्ये आलेला अभ्यास सांगतो की ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, मध्ये पडली फक्त १९ टक्क्यांत. पण पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. गिऱ्हाईक होण्याची भीती खोटी नाही. पण एकाऐवजी दोघं बोलले की ती बरीच उतरते, हे मी वर्गात पाहिलंय.

आता तळजाईवाल्यांना न आवडणारं. मी आधी महापालिकेच्या शाळेत होते. तिथे शुद्ध बोलणाऱ्या मुलीला 'ओ पेठी' म्हणून रडवायचे आणि हसणारी पोरं वस्तीतली असायची. जिथे ज्यांचा कळप मोठा, तिथे त्यांची चालते. तेव्हा एकाच बाजूला झोडपू नका.

तळजाईवाला
बाई, मान्य. पण त्या मुलीला शाळा सुटल्यावर जग सामावून घेतं. याच्या 'पानी'वर पुढे मुलाखतीतही हसतील. दोन्हींचं वजन सारखं नाही.

खडूवाली बाई
बारा वर्षांच्या पोरीला पुढचं जग दिसत नसतं हो. ती मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहायची, एवढंच तिला ठाऊक.

बोगद्यापलीकडचा
आकडे परदेशातले, कीर्तन पुण्यात! बरं, तळजाईवाले, सरळ विचारतो. दिवाळीत सोसायटीत पोरं किल्ला करतात. त्या मुलाला बोलावलंय कधी?

तळजाईवाला
नाही. बाहेरची मुलं आत घ्यायची नाहीत, असा कमिटीचा ठराव आहे. सायकली चोरीला जातात म्हणे.

बोगद्यापलीकडचा
मग पोरांना कशाला बोल लावता? ती तुमच्या कमिटीचाच ठराव वर्गात राबवतायत.

तळजाईवाला
हे मात्र बरोबर बोललात. रविवारी मीटिंग आहे, विषय घालतो. सेक्रेटरी शेजारीच राहतात. नक्कल करणारा त्यांचाच नातू, त्यामुळे चहा काही मिळायचा नाही.

खडूवाली बाई
मीटिंगमध्ये कोण कोण हसलं ते इथे लिहा.