वांग्याच्या वाणांचं नातं डीएनएवरून शोधायला आरएपीडी पुरे की एसएसआरच हवं?

पानदेठ: भरिताचं, काटेरी, हिरवं लांब असे २०-२५ स्थानिक वाण जमवले की त्यांचं नातं पाहायला आरएपीडी (डीएनएचे कुठलेही तुकडे वाढवून त्यांच्या पट्ट्या ताडायची पद्धत) घ्यावं, असं माझं ठाम मत. प्रायमर, म्हणजे डीएनएला चिकटून नक्कल सुरू करणारा छोटा तुकडा, १० अक्षरी; जनुकीय क्रम आधी माहीत लागत नाही, तुकडे वेगळे करायला दीड टक्का अगारोजच्या जेलवर काम भागतं. साध्या प्रयोगशाळेला हेच परवडतं, आणि वाण वेगळे पडतात.

दोन_अ‍ॅलील: साफ असहमत. वेगळे पडतात ते नात्यामुळे, की त्या दिवशीच्या पीसीआरमुळे (डीएनएच्या नकला वाढवणाऱ्या क्रियेमुळे)? ३६ अंशांवर प्रायमर सैल चिकटतो. मॅग्नेशियम जरा इकडेतिकडे झालं, डीएनए २५ ऐवजी ६० नॅनोग्रॅम पडला, मशीन बदललं, की पट्टी गायब. शिवाय पट्टी जनुकाच्या एका प्रतीमुळे आली की दोन्हींमुळे, हे कळत नाही. एसएसआर म्हणजे डीएनएतली थोडकी अक्षरं पुन्हापुन्हा येणारी ठिकाणं; त्यांत दोन्ही प्रती वेगळ्या दिसतात. वांग्यात गुणसूत्रांच्या १२ जोड्या. प्रत्येकीवरचे दोन धरून २४ एसएसआर घ्या.

पानदेठ: आणि वाचणार कशावर? चार-सहा बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) फरक साध्या अगारोजवर दिसत नाही. पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचं बारीक जेल ओता, चांदीनं पट्ट्या रंगवायचं सिल्व्हर स्टेनिंग करा! त्यापेक्षा आरएपीडी दोनदा चालवा आणि दोन्ही वेळा आलेलीच पट्टी मोजा.

खळं_मळणी: अहो, निम्मा घोळ त्याआधी पानापाशीच होतो. वांग्याच्या जून पानात फिनॉल भरपूर, ते काळवंडून डीएनएला चिकटतं आणि तळाशी डीएनएची गोळी तपकिरी येते. असल्या डीएनएवर पीसीआर अडतो आणि न चाललेली नळी तक्त्यात ‘०’ (पट्टी नाही) म्हणून जाते. दोन वाण नुसत्या खराब डीएनएमुळे लांबचे ठरतात! शेंड्याचं कोवळं पान १०० मिलिग्रॅम घ्या. पेशी फोडणाऱ्या सीटॅब बफरमध्ये फिनॉल धरून ठेवणारं २ टक्के पीव्हीपी, काळवंडणं रोखणारं मर्कॅप्टोइथॅनॉल ऐनवेळी. ६५ अंशांवर अर्धा-पाऊण तास, मग प्रथिनं काढायला क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल (२४:१) दोनदा. गोळी पांढरी हवी, २६०/२८० चं (त्या नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचं, शुद्धता सांगणारं) गुणोत्तर १.८ च्या आसपास. नळी चाललीच नाही तर तिथे ‘माहिती नाही’ लिहा, शून्य नको.

दोन_अ‍ॅलील: पूर्ण सहमत. आणखी एक: दहा झाडांची पानं एकत्र कुटायची सवय सोडा. वांगं स्वपरागी असलं तरी मधमाश्या-भुंग्यांमुळे परपरागही होतो. एकत्र कुटलेल्या पानांत दोन पट्ट्या दिसल्या तर झाड संकरित आहे की बियाणं भेसळीचं, कसं सांगणार?

बांधावरून: नात्याचा आलेख दाखवून ‘हे दोन वाण एकच’ म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे. २४ मार्कर (तपासलेली डीएनएची ठिकाणं) जुळले तरी काट्याचं किंवा सालीच्या रंगाचं जनुक वेगळं असू शकतं. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली नोंदणीला वेगळेपणा, एकसारखेपणा, स्थिरता ही शेतात उभ्या पिकाची लक्षणं बघून ठरते. आलेखावरून वाण एकत्र केलात तर ज्यानं तो जपला त्या शेतकऱ्याचा हक्क बुडेल.

पानदेठ: झाडागणिक डीएनए काढायचा मुद्दा मान्य. आरएपीडी मात्र पहिल्या चाळणीला ठेवणारच. दोघांतही पट्टी नसणं हे साम्य धरायचं नाही, म्हणून साम्य मोजायला जकार्ड गुणांक. आणि दर वेळी एक नळी डीएनएशिवाय लावायची. तिच्यात पट्टी दिसली तर त्या दिवसाचं सगळं जेल रद्द.