दक्षिण आशियाचे सामायिक चलन: नेपाळ-भूतानपासून सुरुवात करता येईल का? (बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांची ठिकाणे दिली आहेत.)

शिरोली एमआयडीसी: युरोपने १९७० च्या वर्नर अहवालात दहा वर्षांत चलनसंघ (अनेक देशांचे एकच चलन) उभारण्याचे ठरवले, ते बारगळले, १९७९ मध्ये विनिमयदर ठरावीक पट्ट्यात ठेवण्याची व्यवस्था आली, १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने वित्तीय तुटीला जीडीपीच्या ३ टक्के आणि सरकारी कर्जाला जीडीपीच्या ६० टक्क्यांची मर्यादा घातली, १९९९ मध्ये युरो हिशेबात आला आणि नोटा हातात पडायला २००२ उजाडले. आपल्याकडे नेपाळी रुपया १९९३ पासून एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये या दराने बांधलेला आहे आणि भूतानचा न्गुल्ट्रम तर रुपयाच्याच मोलाचा आहे. म्हणजे निम्मी वाट सरलेलीच आहे, असे माझे मत आहे.

राजारामपुरी: साहेब, दर बांधणे आणि चलन एक करणे यांत मोठे अंतर आहे. फ्रँकफर्टला युरोपीय मध्यवर्ती बँकेत व्याजदर ठरतो तेव्हा सदस्य देशांच्या मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर त्या मंडळात बसलेले असतात. मुंबईत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (बँकांना कर्ज देण्याचा व्याजदर) ठरताना काठमांडूला कोण विचारतो? आपण ही खुर्ची द्यायला तयार आहोत का? शिवाय २००१ मध्ये युरोत गेलेल्या ग्रीसला २०१० च्या संकटात चलनाचे अवमूल्यन करता आले नाही, म्हणून पगार आणि निवृत्तिवेतन कापावे लागले आणि अर्थव्यवस्था सुमारे चतुर्थांशाने आक्रसली.

लक्ष्मीपुरी: राजारामपुरीकरांना आखाताचे उदाहरण जोडतो. कुवेत वगळता तिथली सगळी चलने डॉलरला बांधलेली, सगळे तेलावर जगणारे, तरीही २०१० पर्यंत आणायचे ठरलेले सामायिक चलन झाले नाही. ओमान आधीच बाहेर पडला आणि सामायिक मध्यवर्ती बँक सौदी अरेबियातील रियाधला जाणार म्हटल्यावर २००९ मध्ये अमिरातीनेही अंग काढून घेतले.

शिरोली एमआयडीसी: खुर्चीचा मुद्दा मान्य आहे, ग्रीसचा नाही. एवढे सोसूनही ग्रीस युरोतून बाहेर पडला नाही आणि हे सगळे पाहिलेला क्रोएशिया २०२३ मध्ये स्वतःहून आत आला. आमच्यासारख्या कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) निर्यात करणाऱ्यांना तर जर्मनी आणि इटलीसाठी वेगवेगळ्या चलनांत दर काढावे लागत नाहीत, हा फायदा कागदावरचा नव्हे.

राजारामपुरी: क्रोएशिया आत आला तो आधी सामायिक बाजारपेठेत आणि युरोपीय निधीच्या वाटपात सामील झाल्यानंतर. दक्षिण आशियाचा आपापसांतला व्यापार एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास आहे. तो वाढवण्यासाठी सीमेवरचे अडथळे आधी काढावे लागतील. ते तसेच ठेवून नोट एक केली, तर तिने नेमका कोणता खर्च वाचणार आहे, हे आपण सांगावे.