पुण्याच्या अंकुशी रुपयावर दिल्लीच्या बादशहाचं नाव कसं?

कसबापेठवाली:
सासूबाईंच्या फिरकीच्या डब्यात चांदीचं नाणं सापडलं. वर कडीला डाग दिलाय, म्हणजे घरातल्या कुणा पोराच्या गळ्यात असणार. एका बाजूला हत्तीचा अंकुश स्पष्ट दिसतो. बाकी सगळं फारसी, तेही कडेला अर्धं कापलेलं. सराफांनी भिंग लावून 'शाह आलम' वाचलं आणि लगेच मोडीचा भाव सांगितला! घरी मोबाइलवर शोधलं तर शाह आलम निघाला औरंगजेबाचा मुलगा. मग त्याच्या नाण्यावर पेशव्यांचा अंकुश कुठून आला? शिवाय नातू म्हणतो, आलमगीरही दोन आणि बहादूरशहाही दोन. ही नावं आहेत की पदव्या? डोकं भणभणलंय.

जुनाबाजार_रविवार:
ताई, आधी ते मोडीत घालू नका.

पदव्याच आहेत. जहांगीरचं घरचं नाव सलीम, शहाजहानचं खुर्रम. खुर्रमला 'शाहजहान' हा किताब बाप जिवंत असतानाच मिळाला, १६१७ मध्ये, दख्खनची मोहीम मारून आल्यावर. गादीवर बसल्यावर 'साहिबकिरान सानी'ही लावून घेतलं. साहिबकिरान म्हणजे शुभ ग्रहयोगावर जन्मलेला, सानी म्हणजे दुसरा, पहिला त्यांचा पूर्वज तैमूर. तैमूरचा वारसा मिरवायची या घराण्याला भारी हौस. औरंगजेब गादीवर आला तो 'आलमगीर' म्हणून. मेल्यावरही किताब सुटत नाही. त्याला 'खुल्द-मकान' म्हणू लागले, म्हणजे स्वर्गात घर असलेला. त्यावरूनच त्याची कबर आहे ते खुल्दाबाद.

आता तुमचा घोळ. औरंगजेबाचा मुलगा मुअज्जम. 'बहादूरशहा' आणि 'शाह आलम' हे दोन्ही त्याचेच किताब, कारकीर्द १७०७ ते १७१२. तुमच्या नाण्यावरचा शाह आलम दुसरा असणार: मूळ नाव अली गौहर, १७५९ ते १८०६. म्हणजे ऐन पेशवाईतला. 'जुलूस' शब्दाजवळ आकडा शोधा, ते गादीवर बसल्यापासूनचं वर्ष असतं. आणि 'मुहियाबाद' दिसलं तर दचकू नका, ते आपलं पुणंच! १७०३ मध्ये इथं मुक्कामाला असताना औरंगजेबानं ठेवलेलं नाव. पेशव्यांच्या टांकसाळीनं तेही खुशाल छापलं.

वानवडीचा_म्हातारा:
बादशहाचं नाव असलेला रुपया बाजारात निमूट चालायचा, एवढाच व्यवहार. बादशहाची सत्ता म्हणाल तर तेव्हा दिल्लीत लोक म्हणायचेच, 'सल्तनत-ए-शाह आलम, अज दिल्ली ता पालम', म्हणजे राज्य काय ते दिल्लीपासून शेजारच्या पालमपर्यंत. १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादरनं त्याचे डोळे काढले. तरी चार वर्षांनी महादजी शिंदे त्याच आंधळ्या बादशहाची फर्मानं घेऊन पुण्यात आले, पेशवे सवाई माधवरावांना 'वकील-इ-मुतलक', म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी मुखत्यार, करायला, आणि त्यासाठी मोठा दरबार भरला. किताबाची किंमत माणसापेक्षा जास्त टिकली म्हणा. (फिरायला निघालं की शिंद्यांची छत्री, म्हणजे महादजींची समाधी, वाटेतच लागते, म्हणून मला हे पाठ.)

कसबापेठवाली:
भिंग घेऊन बसले. इंग्रजी व्हीसारखा एक आकडा दिसतोय. त्याच्या डावीकडचा नेमका कडीच्या डागाखाली गेलाय!

जुनाबाजार_रविवार:
व्ही म्हणजे ७. पुरे झालं. सतरा असो, सत्तावीस असो की नुसते सात, मुअज्जमला सातवं वर्ष लागलंच नाही. बरोबर कितवं ते मात्र धरून बसू नका, टांकसाळी जुनंच वर्ष पुढं छापत राहायच्या. आणि डाग काढायला सराफाकडं जाऊ नका, आकड्यासकट खरवडेल.

कसबापेठवाली:
नातू चिंच घेऊन बसला होता, हातातून काढून घेतली.