शब्दचर्चा : ‘अज्ञान’ म्हणजे नुसतं ‘माहीत नसणं’ का?

प्रश्न : ‘अज्ञानाचा नाश ज्ञानानेच होतो’ हे वाक्य प्रवचनांत कायम कानावर पडतं. पण त्यात सांगितलं काय? माहीत नव्हतं, माहीत झालं, की माहीत नसणं संपलंच ना? शिवाय कुठे ‘अज्ञान’ येतं, कुठे ‘अविद्या’. दोन्ही एकच का?

उत्तर : घोळ त्या ‘अ’मध्ये आहे. नकारार्थी ‘अ’चे संस्कृत व्याकरणात सहा अर्थ सांगतात : सादृश्य, अभाव, वेगळेपण, अल्पता, अप्राशस्त्य (वाईटपणा) आणि विरोध. मराठीत आपण सर्रास अभावच धरून चालतो. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात (2.5) नेमकं यावरच बोट ठेवलंय. ‘अमित्र’ म्हणजे मित्र नसणं नव्हे, तर शत्रू. तशी ‘अविद्या’ म्हणजे विद्येची उणीव नव्हे, तर विद्येच्या उलटं असं दुसरंच ज्ञान. मूळ सूत्रही तेच सांगतं : जे अनित्य, अशुचि, दुःखरूप आणि अनात्म आहे, त्याच्या ठायी नित्य, शुचि, सुख आणि आत्मा दिसणं.

दोरीवरच्या सापाचा दृष्टान्त सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण त्यातली एक गोष्ट निसटते. अंधारात दोरी दिसलीच नाही तर माणूस तिच्यावर पाय देऊन पुढे जातो, घाबरत नाही. घाम फुटतो तो साप ‘दिसला’ म्हणून. दोरी झाकली जाणं हे आवरण आणि साप उभा राहणं हा विक्षेप, अशा अज्ञानाच्या दोन शक्ती वेदान्ती मानतात. तो साप काठीने मरत नाही, दिवाच आणावा लागतो. ‘ज्ञानानेच’ मधल्या ‘च’चं सगळं वजन इथे आहे. कर्म अज्ञानाच्या विरोधी नाही, म्हणून ते अज्ञान घालवू शकत नाही, असं शंकराचार्यांच्या नावावरच्या ‘आत्मबोधा’त स्पष्ट म्हटलंय.

‘अज्ञान’ आणि ‘अविद्या’ अद्वैत (जीव आणि ब्रह्म एकच मानणाऱ्या) ग्रंथांत बहुतेक वेळा एकाच अर्थाने येतात. सदानंदांच्या ‘वेदान्तसारा’त अज्ञानाची व्याख्या करताना ‘ज्ञानविरोधि भावरूपं यत्किञ्चित्’ असे शब्द आहेत. मराठी वाचक ‘यत्किंचित’ म्हणजे क्षुल्लक असं वाचून फसतो. तिथे अर्थ ‘काहीतरी’ एवढाच. आहे म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही, असं काहीतरी. न्यायदर्शनाचे लोक, म्हणजे नैयायिक, यालाच मिथ्याज्ञान म्हणतात, सांख्यदर्शनाचे अविवेक.

‘अडाणी’शी याचा काही संबंध नाही. मुंडकोपनिषदाने तर चारही वेद आणि सहाही वेदांगं ‘अपरा’, म्हणजे खालच्या पायरीच्या, विद्येत टाकली आहेत, तेव्हा वेद-वेदांगं मुखोद्गत असलेला दशग्रंथीसुद्धा अविद्येत असू शकतो. कायद्यातलं ‘अज्ञान’ (अल्पवयीन असणं) आणखी निराळं. ते 18 वर्षं पूर्ण झाली की आपोआप जातं, ज्ञान लागत नाही!

शंका : मग ईशावास्य उपनिषदात ‘अविद्येने मृत्यू तरून विद्येने अमृतत्व मिळवतो’ हे कसं? तिथे अविद्या उपयोगाची दिसते. वर विद्येत रमणारे अधिक गडद अंधारात जातात, असंही म्हटलंय.

उत्तर : तिथला अर्थ वेगळा घेतात. शंकराचार्यांच्या भाष्यात अविद्या म्हणजे अग्निहोत्रादी कर्म आणि विद्या म्हणजे देवताज्ञान, आत्मज्ञान नव्हे. त्यामुळे अमृतत्वही देवतारूप होण्यापुरतं. मला यात थोडी ओढाताण वाटते. रामानुजाचार्यही अविद्या म्हणजे वर्णाश्रमविहित कर्मच घेतात, पण विद्या म्हणजे ध्यान-उपासना. ‘तत्त्वमसि’सारख्या महावाक्याचा नुसता अर्थ कळून बंध सुटत नाही, हा त्यांचा आग्रह. म्हणजे ‘ज्ञानाने मोक्ष’ हे दोघेही म्हणतात, फक्त ‘ज्ञान’ या शब्दात भरलेला माल निराळा.

पुरवणी : गीतेच्या 13व्या अध्यायात ज्ञान म्हणून जी यादी आहे ती बघा. अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षमा, आर्जव… यात पाठ करून परीक्षेत लिहिण्यासारखं काय आहे? आणि शेवटी ‘याहून वेगळं ते अज्ञान’. ज्ञानेश्वरीत यावरचं विवेचन खूप लांबलंय, निवांत वाचण्यासारखं आहे.

‘अमृतानुभवा’त मात्र ज्ञानदेव सगळा डावच उलटवतात. सातव्या प्रकरणात ‘अज्ञानखंडन’ : अज्ञान नावाची वस्तू कुठे सापडतच नाही. लगेच आठव्यात ‘ज्ञानखंडन’, तेही आटोपशीर. मारायला अज्ञानच नसेल, तर त्याला मारणारं म्हणून मिरवणारं ज्ञान तरी कशाला उरेल?

पुन्हा प्रश्न : मग ‘नाश’ म्हणावं की नाही?

उत्तर : गीतेतच (5.16) ‘नाशितम्’ आहे, त्यामुळे चूक म्हणता येणार नाही. पण वेदान्ताची मंडळी ‘निवृत्ती’ जास्त वापरतात, आणि तो शब्द नेमका आहे. दिवा आल्यावर साप मरून पडलेला दिसत नाही ना. रोजच्या लिहिण्यात माहितीचीच उणीव सांगायची असेल, तर सरळ ‘माहीत नाही’ लिहावं किंवा ‘अनभिज्ञ’. उगाच ‘अज्ञान’ कशाला?