पूर्वजांसारखं खायचं म्हणजे नक्की काय? भाकरी सोडावी लागते का?

गिरणाकाठ (जळगाव):
नमस्कार मंडळी. वय ४१, वजन ८६, बसून काम, सकाळी ९ ला खुर्चीत बसलो की संध्याकाळी ७ लाच उठणं. मागच्या महिन्यात रिपोर्ट काढले तर एचबीए१सी (मागच्या दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.२ आलं. डॉक्टर म्हणाले शुगर अजून नाही पण उंबरठ्यावर आहात, लगेच गोळी नको, तीन महिने खाणं आणि चालणं बघा, मग परत टेस्ट करू. जिममधल्या ट्रेनरने पॅलिओ सांगितलं, आदिमानव खायचा तसं खायचं, म्हणजे धान्य बंद, डाळी बंद, दूध दही बंद, साखर तर बंदच, फक्त मांस मासे अंडी भाज्या फळं आणि सुकामेवा. आता आमची आई माळकरी, घरात अंडं सुद्धा येत नाही, मग माझ्या वाट्याला राहिलं काय तर बदाम, काकडी आणि उकडलेल्या भाज्या. दहा दिवस केलं. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, तिसऱ्या दिवसापासून पोट साफ नाही. आणि नवव्या दिवशी आईने ताटात गरम भाकरी वाढली, मी ती उचलून परत टोपलीत ठेवली तर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग हळूच म्हणाली, "भाकरनी तुन्हं काय बिघाडं रे?" मला उत्तर देता आलं नाही. पण तब्येत तर सुधारायचीच आहे, मुलं लहान आहेत. कोणी असं काही मनापासून केलंय का? शाकाहारी माणसाने कसं करायचं?

दादरची_भाकर (शिरपूर):
भाऊ, आधी एक सांग, पूर्वज म्हणजे कोणाचे धरतोय? आपल्या तापी गोमाईच्या संगमावर प्रकाशा गावाला १९५५ च्या सुमारास खोदकाम झालं, तिथे ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली. या पट्ट्यात लोक साडेतीन चार हजार वर्षांपासून शेती करून राहतात. इतक्या पिढ्या धान्य खाऊन आपण इथवर आलो, तेही पूर्वजच की.

माझ्या आजोबांचं सांगतो, मी लहानपणी त्यांच्यासोबत शेतात असायचो म्हणून डोळ्यांनी पाहिलंय. पहाटे साडेचारला उठणं, गुरांचं पाणी, उजाडायच्या आत शेतात. १० च्या आसपास बांधावर बसून न्याहारी, दादरची म्हणजे आपल्या रब्बी ज्वारीची दीड भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा, पावसाळ्यात चिवळ नाहीतर तांदुळजाची भाजी, अंबाडी असली तर अंबाडी. दुपारी उन्हाने जमीन तापली की लिंबाखाली तासभर आडवं व्हायचं. संध्याकाळी दिवस मावळायच्या सुमारास उडदाची डाळ आणि भाकरी, त्यानंतर सकाळपर्यंत तोंडात काही नाही. मधल्या वेळेत खायला घरात काही नसायचंच. गोड सणाला, मांडे झाले की पोटभर खायचे, पण वर्षातून किती वेळा होणार ते. आणि दिवसभर अंग चालू, विहिरीवर मोट, निंदणी, डोक्यावर चाऱ्याचा भारा. तेवढी भाकरी जिरायची कारण तेवढं काम होतं. आपण त्यांच्यासारखं जेवतो आणि दिवसभर खुर्चीत बसतो, गडबड तिथे आहे. भाकरीला दोष देऊ नको.

एक मात्र मानतो. घरात रोज गहू कधी आला ते आम्हाला आठवतं, आधी पाहुणे आले तरच पोळी व्हायची. आता सकाळी पोळी, दुपारी पोळी, चार वाजता बिस्कीट, रात्री पुन्हा पोळी. त्यातली एक वेळ तरी परत दादरवर आण, बघ फरक.

धुळेकर_पायी (धुळे):
मी केलंय पॅलिओ, पूर्ण पाच महिने, मी मांसाहारी आहे म्हणून जमलं. वजन ९ किलो उतरलं, झोप चांगली, गुडघ्याचं दुखणं कमी, हे खरं आहे आणि नाकारणार नाही. पण सोडल्यावर चार महिन्यांत ६ किलो परत आलं. नंतर शांतपणे विचार केला की नेमकं कशाने उतरलं होतं, तर शेव, फरसाण, कोल्ड्रिंक, बेकरीचं आणि रात्री ११ चं जेवण या पाच महिन्यांत बंद होतं. भाकरी बंद होती म्हणून उतरलं असं मला आता वाटत नाही.

या डाएटमागच्या कल्पनेने १९८५ मध्ये ईटन आणि कॉनर या दोन अमेरिकन संशोधकांच्या लेखामुळे जोर धरला, की आपलं शरीर शिकारी माणसाच्या काळातलंच आहे आणि शेतीचं अन्न त्याला नवीन आहे. कल्पना विचार करण्यासारखी आहे. पण इटलीतल्या एका गुहेत सुमारे ३२ हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर जंगली ओट दळल्याच्या खुणा मिळाल्यात, म्हणजे तेव्हाचा माणूस धान्याला हात लावत नव्हता असं सरसकट म्हणता येत नाही. आणि समुद्राकाठचा माणूस वेगळं खायचा, बर्फातला वेगळं, एकच आदिमानवी ताट कधी नव्हतंच.

जे घेण्यासारखं आहे ते घे. पाकिटातलं बंद, भाज्या भरपूर, जेवण वेळेवर, उन्हात आणि मातीत थोडं वावरणं. मी आता रोज पहाटे पांझरेच्या काठाने ५ किलोमीटर चालतो आणि आठवड्यात दोनदा शेतात कुदळ चालवतो, वजन गेलं वर्षभर जागेवर आहे.

ताट_आणि_माप (भुसावळ):
मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, रोज असेच रिपोर्ट बघते, म्हणून जरा मोठं लिहिते. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ पासून पुढे मधुमेह. तुमचं ६.२ आहे, म्हणजे मागे फिरायला वाव आहे, घाबरू नका पण टाळूही नका.

शाकाहारी माणसाने धान्य, डाळी आणि दूध तिन्ही एकदम बंद केलं तर प्रोटीन आणणार कुठून? बदामावर भागत नाही. बी१२ जीवनसत्त्व तर शाकाहारात जवळपास फक्त दूधदह्यातूनच मिळतं, ते पण तुम्ही बंद केलंत. बी१२ तपासून घ्या, आमच्याकडे माळकरी घरांतली माणसं हातापायाला मुंग्या येतात म्हणून येतात आणि कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

आता भाकरीचं. ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर तिच्यात ३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, ज्वारी आहे म्हणून चार खाल्ल्या तर शुगर वाढणारच. दीड पुरे, सोबत वाटीभर घट्ट डाळ, ताटाचा अर्धा भाग भाजी, थोडं ताक. आपल्याकडचा कळणा या बाबतीत फार शहाणा आहे, चार वाट्या ज्वारीला वाटीभर अख्खे उडीद घालून दळायचं, उडदात १०० ग्रॅमला २४ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणून भाकरी पोटाला जास्त वेळ धरते. सोबत हिवाळ्यात भरीत करा, वांगी पऱ्हाटीवर म्हणजे कापसाच्या काड्यांवर भाजून बडगीत (लाकडी भांड्यात) कुटलेलं, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून. फक्त तेलाचा हात आवरा, वर दोन बोटं तेल तरंगलं पाहिजे असं नाही.

जेवल्यावर दहा मिनिटं चाला, जिना चढा, आठवड्यात निदान १५० मिनिटं दम लागेल इतकं चालणं होऊ द्या आणि जिममधलं वजन उचलणं सोडू नका, स्नायू साखर वापरतात.

आजोबांच्या काळाबद्दल एक बोलते, राग नसावा. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडे सरासरी आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास होतं, लहान मुलं फार जायची, बायका सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं जेवायच्या आणि अंगात रक्त कमी असायचं. तेव्हाचं कष्ट आणि ताजं अन्न घेऊया, तेव्हाची उपासमार नको. आणि वाचणाऱ्यांपैकी कोणी शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल त्यांनी डॉक्टरांना न विचारता भाकरी पोळी एकदम बंद करू नका, शुगर खाली जाऊन चक्कर येते, मी असं पाहिलंय.

गिरणाकाठ (जळगाव):
सगळ्यांचे मनापासून आभार, तिन्ही उत्तरं आईला वाचून दाखवली. काल रात्री साडेसातला जेवलो, दीड भाकरी, उडदाची डाळ, पोकळ्याची भाजी, मग आई आणि मी कॉलनीत दोन चकरा मारून आलो. ती पण म्हणाली रोज येते. बी१२ ची टेस्ट उद्या देतोय. आई डबा घेऊन गिरणीवर निघालीये, विचारतेय उडीद सालीसकट ना, आणि कळणा किती दळू, पाच किलो?

ताट_आणि_माप (भुसावळ):
हो, सालीसकट. आणि दोन किलोच दळा, पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना चिरते. थोडी मेथी टाका, आईंना माहीत असेलच.