‘ऑरगॅनिक’ आणि ‘रिसायकल्ड’ टी-शर्ट काढायचेत. पुरवठादाराच्या कागदांवर कितपत विसंबायचं?

धागादोरा

छोटा कपड्यांचा ब्रँड सुरू होतोय. पहिली खेप ३०० टी-शर्टांची: गोल गळा, १८० जीएसएम (चौरस मीटरला १८० ग्रॅम) सिंगल जर्सी, म्हणजे टी-शर्टचं नेहमीचं विणीचं कापड, निम्मे काळे, निम्मे ऑफ-व्हाइट. कापडासाठी दोन पुरवठादार आहेत.

पहिला म्हणतो १०० टक्के ऑरगॅनिक कॉटन. त्याने जीओटीएसचं, म्हणजे ऑरगॅनिक कापडाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, स्कोप सर्टिफिकेट पाठवलंय, मुदतीत आहे.

दुसऱ्याचं मिश्रण ६० टक्के रिसायकल्ड कॉटन, ३५ टक्के रिसायकल्ड पॉलिएस्टर, ५ टक्के इलास्टेन (ताणला जाणारा धागा). हाताला मस्त लागतं. तो त्याला ‘सर्क्युलर’ कापड म्हणतो आणि पुरावा म्हणून ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० दाखवतो.

शिलाई तिसरीकडे, एका छोट्या युनिटमध्ये होईल. त्यांच्याकडे सोशल ऑडिटचा, म्हणजे कामगारांच्या परिस्थितीच्या तपासणीचा, रिपोर्ट आहे.

हे कागद पुरेसे आहेत का? कापड जाळून वगैरे आपलं आपल्याला काही पडताळता येतं का? कारागिरांना नीट मजुरी मिळते का, हे रिपोर्टपलीकडे कसं कळणार? आणि टॅगवर काय लिहिलं म्हणजे उद्या कुणी तोंडघशी पाडणार नाही? ‘निसर्गाकडे वळा’ छापाची उत्तरं नकोत, प्लीज.

सरकी_ते_सूत

पहिल्याचा कागद खरा असला तरी तुमच्या कामाचा नाही. स्कोप सर्टिफिकेट एवढंच सांगतं की ही कंपनी जीओटीएसचा माल बनवायला पात्र आहे. तीच कंपनी त्याच मशीनवर साधं कॉटनही विणत असते. तुमच्या हातात पडणारा लॉट ऑरगॅनिक आहे का, हे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेटवर कळतं, म्हणजे बोलीभाषेतली टीसी. टीसीवर विकणारा, घेणारा, बिल नंबर, मालाचं वर्णन आणि निव्वळ वजन असतं. वजन बिलाशी जुळवून बघा. तुमच्या ३०० नगांना कटिंगची घट धरून ६० ते ६५ किलो कापड लागेल. एवढ्याशा मालासाठी टीसी काढायला पुरवठादार कुरकुर करतो, कारण फी त्याला भरावी लागते. फी वेगळी देऊ म्हणून सांगा, पण ऑर्डर देण्याआधीच लिहून घ्या. माल आल्यावर मागितली तर ‘बघतो, करतो’ यातच महिने जातात.

पीडीएफवरचा क्यूआर कोड स्कॅन करून समाधान मानू नका. २०२० मध्ये जीओटीएसनेच जाहीर केलं होतं की भारतातला सुमारे २०,००० टन कापूस बनावट कागदांवर ऑरगॅनिक म्हणून खपवला गेला. त्यात सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल करून क्यूआर कोड तिकडे वळवले होते. तेव्हा जीओटीएसच्या सार्वजनिक यादीचा पत्ता स्वतः टाइप करा आणि कंपनीचं नाव, परवाना क्रमांक, मुदत तिथे शोधा.

आता खरी मेख. तुमचं शिलाई युनिट जीओटीएस प्रमाणित नसेल तर साखळी तिथेच तुटते. कापड कितीही अस्सल असो, तयार टी-शर्टवर जीओटीएसचा शिक्का लावता येत नाही. ‘जीओटीएस प्रमाणित कापडापासून’ असंही लिहिता येत नाही, आणि बहुतेक नवे ब्रँड नेमके इथेच फसतात. प्रमाणित युनिटमधून शिवलं, तर लेबलवर प्रमाणन संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक छापावाच लागतो. ‘ऑरगॅनिक’ या श्रेणीला किमान ९५ टक्के ऑरगॅनिक धागा लागतो, त्याखालच्या श्रेणीला ७०.

दुसऱ्या पुरवठादाराचा ओएको-टेक्स प्रश्नाचं उत्तरच देत नाही. त्यात तयार कापडातली घातक रसायनं तपासतात. अंगाला लागणाऱ्या कपड्यासाठी ते चांगलंच आहे, पण धागा रिसायकल्ड आहे का, शेतात काय झालं, कारागिराला काय मिळालं, याच्याशी त्याचा संबंध नाही. रिसायकल्डसाठी जीआरएस (ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड) किंवा आरसीएस (रिसायकल्ड क्लेम स्टँडर्ड) मागा. आरसीएस फक्त धाग्याचं प्रमाण मोजतं. जीआरएसमध्ये रसायनं, सांडपाणी आणि कामगारांच्या अटीही येतात. २० टक्के रिसायकल्ड धाग्यावर जीआरएसचं प्रमाणपत्र मिळतं, पण ग्राहकाला दिसणाऱ्या लोगोसाठी ५० टक्के लागतात. टीसी इथेही हवीच.

जाळून फक्त धाग्याची जात कळते. कापूस कागदासारखा वास सोडतो, मऊ करडी राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. ऑरगॅनिक आणि साधा कापूस अगदी सारखेच जळतात, रिसायकल्ड आणि नवं पॉलिएस्टरही तसंच. जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, कापसाची चाचणी आहे, आयडब्ल्यूए ३२ नावाची, पण ती सरकी, रुई, कोरं सूत यांवर खात्रीची. ब्लीच आणि रंगाईत डीएनए तुटतो, म्हणून रंगवलेल्या कापडावर ‘काही सापडलं नाही’ असा अहवाल आला तर त्याचा अर्थ काहीच नसतो. शिवाय जीएम नसलेलं बियाणं म्हणजे फवारणी झाली नाही असंही नाही.

पक्का_रंग

धाग्याबद्दल वर आलंच आहे. पण कापडावरच्या प्रक्रियेतलं बरंचसं पाणी आणि रसायन रंगाईत जातं आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. तुमचा निम्मा माल काळा आहे, म्हणून जरा आकड्यांत सांगतो.

कॉटनवर काळा रंग बहुधा रिअॅक्टिव्ह डायने चढवतात. कापडाच्या वजनाच्या साधारण ६ टक्के डाय, म्हणजे किलोमागे ६० ग्रॅम. त्यातला ७० टक्क्यांच्या आसपास धाग्याला बसतो आणि १८ ग्रॅम पाण्यात जातो. रंग धाग्याकडे ढकलायला लिटरला ८० ग्रॅमपर्यंत मीठ लागतं. मशीनमध्ये किलोमागे ८ लिटर पाणी घेतलं तर किलोभर कापडाला ६४० ग्रॅम मीठ. जिवाणूंवर चालणाऱ्या सांडपाणी प्रक्रियेत हे मीठ जसंच्या तसं पुढे जातं. ते काढायला आरओ आणि बाष्पीभवन यंत्रणा लागते. तेव्हा ‘तुमच्याकडे ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा) आहे का?’ हा अर्धा प्रश्न झाला. ‘मिठाचं काय करता?’ असं विचारा. उत्तर अडखळलं की समजून जा.

लॉट लहान असला की आणखी एक घोळ होतो. ३० किलो कापड २०० किलोच्या मशीनमध्ये टाकलं तर किलोमागे पाणी आणि त्या हिशेबाने मीठ भरमसाट वाढतं. एक तर छोट्या मशीनवर रंगवून घ्या, नाही तर त्यांच्या चालू काळ्या लॉटमधलं कापड उचला. तुमची वेगळी छटा हवीच, हा हट्ट सोडलेला बरा.

पैसे वाचवण्यासाठी पहिली कात्री लागते ती शेवटच्या सोपिंगवर. रंग चढल्यावर न बसलेला डाय काढायला ९५ अंशांवर साबणाची दोनेक पाणी द्यावी लागतात. वाफ महाग, म्हणून एकावर भागवतात आणि वर फिक्सर (रंग धरून ठेवणारं रसायन) मारतात. सॅम्पल छान दिसतं, मग ग्राहकाच्या मशीनमध्ये पांढरे मोजे काळवंडतात. पांढरं सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा आणि कापडावर दाबून दहा वेळा घासा. फडकं स्पष्ट काळं झालं तर लॉट परत. लॅबच्या रिपोर्टमध्ये धुलाईचा पक्केपणा ५ पैकी ४ किंवा वर आणि काळ्या रंगाला ओल्या घर्षणाचा निदान ३ मागा.

ऑफ-व्हाइटला मात्र भरपूर वाव आहे. कापूस नुसता स्कावर करून, म्हणजे मेण-तेल काढून, ब्लीच न करता वापरला की मूळचा साईसारखा रंग मिळतो. सरकीच्या टरफलाचे बारीक काळे ठिपके दिसतील, ते आधीच मान्य करा. ब्लीच हवंच असेल तर पेरॉक्साइडचं. ‘नैसर्गिक रंग’ म्हणून दिलेलं कापड अंधारात यूव्ही टॉर्चखाली धरा. निळसर चमकलं तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे पांढरेपणा वाढवणारं रसायन, आहे.

दुसऱ्या पुरवठादाराच्या मिश्रणात पॉलिएस्टरला १३० अंशांचा डिस्पर्स डाय आणि कॉटनला ६० अंशांचा रिअॅक्टिव्ह, अशी दोनदा रंगाई करावी लागते. त्यात १३० अंश इलास्टेनला सोसत नाहीत, ताण मरतो. म्हणून तापमान उतरवतात आणि पॉलिएस्टर नीट रंगत नाही. त्यांचा काळा एकसारखा येतोय का, हे दिवसाच्या उजेडात कापड ताणून बघा.

टाचणी

एवढ्या भानगडी कशाला? मोठ्या कारखान्यांचं उरलेलं डेडस्टॉक कापड घ्या. नवीन काही बनलंच नाही, विषय संपला.

सरकी_ते_सूत

@टाचणी, ३०० नगांसाठी पर्याय वाईट नाही, पण विषय काही संपत नाही. अशा कापडाला बहुधा कागदच नसतात. व्यापारी ‘प्युअर कॉटन’ म्हणेल आणि आत ४० टक्के पॉलिएस्टर निघेल. ७५ टक्के सल्फ्युरिक आम्लात कॉटन विरघळतं, पॉलिएस्टर उरतं. त्यावरून लॅब टक्केवारी काढते. घरी करू नका. शिवाय काही गिरण्या ‘उरलेलं’ म्हणून विकायलाच जास्तीचं विणतात. त्याला डेडस्टॉक म्हणायचं तर नेहमीच्या मालाला काय म्हणणार? पुन्हा त्याच छटेचं मिळणार नाही ते वेगळंच.

आणि ‘सर्क्युलर’चं राहिलं होतं. जुने कपडे पिंजून काढलेला कापूस आखूड धाग्याचा होतो, त्याला धरून ठेवायला पॉलिएस्टर घालावं लागतं. १८० जीएसएमच्या जर्सीला साधारण २४ नंबरचं सूत लागतं. तेवढ्या बारीक सुतात ६० टक्के आखूड धागा म्हणजे लवकर गोळे येणार. गोळ्यांची चाचणी करून घ्या, ५ पैकी ३-४ या श्रेणीच्या खाली नको. रिसायकल्ड पॉलिएस्टर बहुतेक वेळा बाटल्यांपासून येतं, कपड्यांपासून नाही. आणि हे तीन धाग्यांचं मिश्रण पुढे पिंजायला गेलं की इलास्टेन लांब ताणतं, यंत्रात गुंतून गुठळ्या करतं. थोडक्यात, हे कापड रिसायकल होऊन आलंय, पण पुढे रिसायकल होणं कठीण. वर्तुळ कुठे पूर्ण झालं? गोल गळ्याला ताण हवा तर कॉटन रिब लावा, अख्ख्या अंगात इलास्टेनची गरज नाही.

कटिंगमास्तर

मजुरीचा प्रश्न मिनिटांत मांडा, मग रिपोर्टची फारशी गरज उरत नाही.

साध्या टी-शर्टची शिलाई साधारण ८ प्रमाणित मिनिटांची (सरावलेल्या हाताला न थांबता लागणारा वेळ): खांदे, रिब, बाह्या, बाजूच्या शिवणी, खालची दुमड, लेबल. छोट्या लॉटवर लाइनची कार्यक्षमता ५० टक्के धरा, म्हणजे प्रत्यक्षात १६ मिनिटं. आठवड्याला ४८ तास म्हणजे महिन्याला २०८ तास, १२,४८० मिनिटं. त्या भागात कुटुंबाला नीट जगायला महिन्याला जेवढे पैसे लागतात त्याला १२,४८० ने भागा, १६ ने गुणा. ही झाली एका नगाची नुसती शिलाईची मजुरी. त्यावर कटिंग, इस्त्री, तपासणी, वीज, भाडं, नफा. युनिटने सांगितलेला एकूण दर या मजुरीच्याही खाली असेल तर त्यांच्याकडे जादू नाही. कुणाच्या तरी पगारातून तो फरक निघतोय, किंवा काम बाहेर घरोघरी जातंय.

क्षमतेचाही हिशेब करा. ३०० गुणिले १६ म्हणजे ४,८०० मिनिटं, ८० तास. दहा जणांच्या लाइनचा एक दिवस, पहिल्या दिवशी हात बसेपर्यंत दीड धरा. चार मशीनचं युनिट ‘उद्या देतो’ म्हणालं तर माल दुसरीकडे शिवला जाणार.

ऑडिट बहुतेक तारीख सांगून होतं. बांगलादेशातली राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळली, १,१०० हून जास्त माणसं गेली. त्या इमारतीतल्या कारखान्यांचीही सोशल ऑडिट झालेली होती, पण बांधकामाची ताकद त्यात तपासलीच जात नव्हती. आदल्या दिवशी भेगा दिसल्या, खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली आणि शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावलं. तेव्हा रिपोर्ट मागाल तर त्यातल्या त्रुटी आणि त्या कधी दुरुस्त झाल्या याचा कागदही मागा. स्वतः जाल तेव्हा संध्याकाळी सुट्टीच्या वेळेनंतर जा. मागचं दार उघडं आहे का, जिन्यात कापडाचे गठ्ठे रचलेत का, बघा. पगाराच्या पावतीवर ओव्हरटाइमचे तास आणि दर वेगळे लिहिलेत का, बघा. नगामागे पैसे देणं हा गुन्हा नाही, पण मशीन बंद पडली किंवा कापड उशिरा आलं त्या तासांचे पैसे कोण देतं, हे विचारा.

आणि यातलं बरंच तुमच्या हातात आहे. कटिंग झाल्यावर लेबलची जागा बदलली, साइझचं प्रमाण बदललं, तारीख मात्र तीच ठेवली, की रात्रपाळी तुम्हीच लावलीत. टेकपॅक, म्हणजे मापं-शिलाईचा सगळा तपशील, कापड येण्याआधी गोठवा आणि पैसे ठरल्या तारखेला द्या.

कटिंगला १५ टक्क्यांच्या वर कात्रण निघतं, म्हणजे ६० किलोत नऊ-दहा किलो. काळं आणि पांढरं पहिल्यापासून वेगळ्या पोत्यांत भरा, रिबचं कात्रण वेगळं. एकरंगी शुद्ध कॉटनचं कात्रण पिंजणारे घेतात. सगळं एकत्र केलं की ते फक्त पुसायच्या चिंध्यांच्या लायकीचं उरतं.

कापण्याआधी आटण्याची चाचणी कराच. कापडावर ५० बाय ५० सेंटीमीटरचा चौकोन आखा, तीनदा धुऊन वाळवा. कुठल्याही बाजूला अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त आटलं तर कापड परत फिनिशिंगला. सिंगल जर्सीला पीळही असतो, बाजूची शिवण धुतल्यावर पोटावर येते. असा टी-शर्ट कितीही ऑरगॅनिक असला तरी चार धुण्यांत फडक्यांत जमा होतो.

धागादोरा

सगळ्यांचे आभार. पहिल्याकडूनच घेणार, टीसी आणि कोरा ऑफ-व्हाइट या अटींवर. काळा त्यांच्या चालू लॉटमधून. पण शिलाई युनिट प्रमाणित नाही, मग टॅगवर ‘ऑरगॅनिक’ अजिबात लिहू नये का?

सरकी_ते_सूत

जीओटीएसचं नाव, लोगो, परवाना क्रमांक अजिबात नाही. ‘ऑरगॅनिक’ या नुसत्या शब्दाचे नियम देशागणिक वेगळे आहेत, म्हणून जिथे विकणार तिथले आधी बघा. युरोपात विकायचं असेल तर २७ सप्टेंबर २०२६ पासून ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असे पुराव्याविना केलेले मोघम दावे बंद होतायत. टॅगवर सिद्ध करता येईल तेवढंच ठेवा: ‘१०० टक्के कॉटन. ऑफ-व्हाइट: ब्लीच आणि डाय न वापरता.’ खाली शिलाई कुठे झाली ते आणि धुण्याची सूचना, ३० अंश, सावलीत वाळवा. शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा असेल तर ‘दोरा सोडून’ हे शब्द घाला. पुढच्या खेपेला प्रमाणित युनिट शोधा. आणि कापडाचा शेवटचा हप्ता टीसी हातात आल्यावरच सोडा, ही अट ऑर्डरच्याच कागदावर हवी.